माझ्याकडे तर चालतंय

गोरक्षला जगाचं कळतं आणि घरचं कळत नाही, असं त्याची आई रंगुबाई शेजारपाजारी सांगायची. सांगताना हसायची. पोरगा हुशार आहे हे सांगायची तिची ती तऱ्हा होती, बाकी काही नाही. पण बोलता बोलता माणूस किती खरं बोलून जातो, याचा पत्ता त्याला स्वतःला नसतो.

गोरक्ष नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यातले संगणक सांभाळायचा. प्रिंटर अडला, हजेरीचं मशीन रुसलं, साहेबांचा लॅपटॉप बसला, की हाक गोरक्षला. ही झाली पोटापाण्याची नोकरी. पण त्याचा जीव अडकला होता दुसऱ्याच कामात, आणि ते काम तो रोज सकाळी, कारखान्याची बस यायच्या आधी, बोल्हेगावातल्या भाड्याच्या खोलीत बसून करायचा. समोर चहा निवून त्याच्यावर साय धरलेली असायची आणि हा पडद्यात डोकं घालून बसलेला. जगभर विखुरलेल्या दहा-पंधरा माणसांबरोबर तो एक डेस्कटॉप सांभाळत होता.

आता डेस्कटॉप म्हटलं की लोकांना टेबलावरचा डबा दिसतो. तो नव्हे हो. संगणक चालू केल्यावर पडद्यावर जे काही येतं, म्हणजे खालची पट्टी, मेन्यू, कोपऱ्यातलं घड्याळ, उघडणाऱ्या-मिटणाऱ्या खिडक्या, ते सगळं मिळून डेस्कटॉप. हा डेस्कटॉप कुणा कंपनीचा नाही. ज्याला येतं त्यानं लिहावा, ज्याला पाहिजे त्यानं फुकट वापरावा, असा तो कारभार. कितीतरी वर्षं चालत आलेला, त्यामुळं आत जुना कोडही, म्हणजे संगणकाला लिहून दिलेला हुकूम, तसाच साचलेला. कुणीतरी कधीतरी काहीतरी लिहून ठेवलं आणि निघून गेलं. ते का लिहिलं, कुणासाठी लिहिलं, सांगायला माणूस नाही.

गोरक्षकडं दोन कामं होती. लोकांनी कळवलेल्या चुका, ज्यांना ही मंडळी बग म्हणतात, त्या शोधून काढायच्या, आणि जुना कोड काढून तेच काम नव्या पद्धतीनं लिहायचं. खरं सांगायचं तर लिहिण्यापेक्षा काढण्यात त्याला जास्त सुख होतं. दिवाळीच्या आधी माळा आवरणाऱ्या बाईचं कसं होतं, हे कशाला ठेवलंय, ते कुणाला लागतंय, काढा, टाका! तसंच याचं. एखाद्या दिवशी बराच कोड उडवला की गडी कारखान्याच्या बसमध्ये शीळ घालत बसायचा.

त्याची बहीण सुकन्या त्याच्याहून बरीच मोठी. आईबरोबर पारनेरला राहायची. तिचे हात लहानपणापासून थरथरायचे. पेला उचलला की पाणी हिंदकळायचं, रांगोळीची रेघ वाकडी जायची, आणि वहीतलं अक्षर बघून मास्तर वर्गासमोर म्हणायचे, कोंबडीला शिकवलंय का गं लिहायला? वर्ग हसायचा. लग्नाच्या वयात पाहुणे यायचे तेव्हा ती पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली की पाहुणे ट्रेकडं बघायचे, तिच्याकडं कुणी बघायचंच नाही. एकदा तिनं ट्रे तसाच ओट्यावर ठेवला आणि आईला सांगितलं, "आई, आता बास. मला दाखवायला न्यायचं न्हाई आन् कुनाला बोलवायचं न्हाई." रंगुबाई रडली, चिडली, अबोला धरला, पण सुकन्या बधली नाही.

मग ती टायपिंगच्या क्लासला जायला लागली. तिथंही तीच रड. बोट बटणावर टेकलं की थरथरीनं तेच बटण दोनदा-तीनदा दाबलं जायचं आणि एका अक्षराच्या जागी तीन अक्षरं उमटायची. गोरक्ष तेव्हा नगरला डिप्लोमा करत होता. त्यानं कुठून तरी जुना संगणक मिळवला, त्यावर हा फुकटचा डेस्कटॉप चढवला आणि इंटरनेटवर शोध शोध शोधलं. कुणा परदेशी माणसानं लिहून ठेवलेली एक ओळ सापडली. ती ओळ चालवली की तेच बटण पाठोपाठ दाबलं गेलं तर संगणक दुसरं दाबणं मोजतच नाही, असं त्या माणसानं लिहिलं होतं. गोरक्षला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. त्यानं उचलली आणि चिकटवली.

सुकन्या लिहायला बसली. जे लिहिलं तेच उमटलं. तिनं आईचं नाव लिहिलं, गावाचं लिहिलं, मग शाळेतल्या त्या मास्तरांचं लिहिलं आणि मोठ्यानं हसली. बाईला तिशीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा स्वतःचं अक्षर मिळालं होतं. 'ननंद' लिहिताना तेवढं दोन न मध्ये जरा दम घ्यावा लागायचा. "ननंदा जिवंतपनी दम घ्यू देत न्हाईत, आन् इथं दम घेतल्याबिगर येत न्हाईत," असं ती म्हणायची.

पारनेरच्या पेठेत पुंजाराम नावाच्या गृहस्थाचा छापखाना होता. लग्नपत्रिका हे त्यांचं मुख्य काम. सुकन्या आपला संगणक घेऊन तिथं बसायला लागली ती बसलीच. कोणत्या चुलत्याचं नाव वर टाकलं की भांडण होतं, कोणत्या आत्याचं नाव गाळलं की ती लग्नाला येत नाही, हे तिला तोंडपाठ झालं. खाली बारक्या पोरांच्या नावानं 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ टाकायची आठवणही तीच करून द्यायची. लोक पुंजारामकडं येऊन विचारायचे, "सुकन्याताई हायेत का? तरच मजकूर देतो." हात तेवढेच थरथरत होते, पण आता त्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती.

गोरक्ष पुढं शिकला, नोकरीला लागला, आणि ज्या डेस्कटॉपनं बहिणीला अक्षर दिलं त्याच्याच कामात हळूहळू शिरला. बहिणीमुळं शिरला, असं तो लोकांना अभिमानानं सांगायचा. फक्त ती चिकटवलेली ओळ काय होती, हे तो पार विसरून गेला.

आता घात कसा झाला ते सांगतो. डेस्कटॉपच्या सगळ्या सेटिंगा पूर्वी एका जुन्या पद्धतीनं साठवल्या जायच्या. त्या नव्या पद्धतीत आणायचं काम गोरक्षनं अंगावर घेतलं. करता करता त्याला एक जुन्या नावाची सेटिंग दिसली. ती चालू-बंद करायचा खटका कुठल्याच खिडकीत नव्हता. तेच काम करणारा नवा खटका, नव्या नावाचा, सेटिंगच्या खिडकीत केव्हाच आला होता. जुन्या नावाला मान देणारा एवढासा कोड मात्र आत कुठं तरी चिकटून राहिला होता.

या मंडळींची एक रीत आहे. काही काढायचं असेल तर आधी चर्चेच्या पानावर विचारायचं: हे कुणी वापरतं का? मग थोडे दिवस वाट बघायची. उत्तर आलं नाही म्हणजे कुणी वापरत नाही, असं धरून चालायचं. गोरक्षनं रीतीप्रमाणं विचारलं. उत्तर आलं नाही. कसं येणार? ते पान वाचतात कोड लिहिणारे. ज्यांच्या संगणकावर ती सेटिंग गुपचूप काम करत होती, त्यांना ती आहे हेच ठाऊक नव्हतं, तर ते पान कुठलं ठाऊक असायला! गोरक्षनं ते काढून टाकलं, दुसऱ्या एकानं तपासून 'छान' म्हटलं, आणि प्रकरण मिटलं.

भाऊबीजेला तो पारनेरला आला. सुकन्यानं ओवाळलं. निरांजन नेहमीसारखं हललं, त्याला त्याची सवय होती. ओवाळून झाल्यावर म्हणाला, "चल ताई, छापखान्यात जाऊ. तुझी ओवाळणी तिथं आहे." पुंजारामांकडून किल्ली घेतली, छापखाना उघडला आणि तिच्या संगणकावर नवीन डेस्कटॉप चढवला. मेन्यू छान गोलसर झाला होता, घड्याळ मोठं दिसत होतं. मग त्यानं एक खिडकी उघडून काम करणाऱ्यांच्या नावांत आपलं नाव दाखवलं. सुकन्यानं पडद्यावर त्या नावाला बोट लावलं. "गोरख्या, एवढ्या जगात तुझं नाव," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. लिहून कुणीच बघितलं नाही. घरी फराळाला माणसं थांबली होती.

सण सरला, छापखाना उघडला, आणि अक्षरं परत दोन दोन, तीन तीन उमटायला लागली.

तिनं फोन केला. अगदी सरळ सांगितलं, "तू नवीन टाकल्यापासनं अक्षरं डबल येत्यात रे." आता इथं दुसरा कुणी असता तर एकदा डोकं खाजवून बघितलं असतं. पण याला वाटलं, ही आपल्या कामावर बोट ठेवतेय. "ताई, हजारो लोक वापरतात. कुणाची तक्रार नाही. तुझा कीबोर्ड गेला असेल, नवीन घे." तिनं नवीन घेतला. तेच. तिनं परत फोन केला. त्या वेळी कारखान्यात काहीतरी बंद पडलं होतं आणि साहेब डोक्यावर उभे होते. तिचं बोलणं पुरतं ऐकून न घेता तो म्हणाला, "ताई, माझ्याकडे तर चालतंय."

त्यानंतर तिनं फोन केला नाही.

संगणकात दोष नाही, कीबोर्ड नवा, मग राहिलं काय? हात. डॉक्टरांनी फार पूर्वीच सांगून ठेवलं होतं की वयाबरोबर हे वाढूही शकतं. ती मनात बसलेली भीती, ती आता समोर येऊन उभी राहिली असं तिला वाटलं. ती कुणाला काही बोलली नाही. सकाळी लवकर जायला लागली, म्हणजे जादा उमटलेली अक्षरं पुसायला वेळ मिळेल. मनगटाला रुमाल आवळून बांधायची, खाली टॉवेलची घडी घालून त्यावर हात दाबून धरायची. डॉक्टरांकडं जाऊन सांगितलं, वाढलंय. रोगीच सांगतोय म्हटल्यावर त्यांनी गोळी वाढवली. त्यांचं तरी काय चुकलं? गोळीनं हात थोडे शांत व्हायचे, पण गुंगी यायची, आणि गुंगीत आणखी चुका व्हायच्या.

तुळशीचं लग्न लागलं आणि लगीनसराई सुरू झाली. पत्रिकांचा ढीग. त्या ढिगात सुप्याच्या एका पार्टीची पत्रिका गेली, आणि नवरदेवाच्या आजोबांचं नाव, साधं 'बन्सी', जादा अक्षरासकट छापून, वाटून झालं. मंडळी टेम्पो करून छापखान्यात आली. "आमच्या म्हाताऱ्याच्या नावाची पार शोभा केली! शुद्धीत बसता का न्हाई?" पुंजारामांनी हात जोडले, चूक माझी म्हणाले, परत छापून देतो म्हणाले. माणूस भला. मंडळी गेल्यावर ते तिच्याजवळ येऊन बसले. "ताई, तुमी जरा इसावा घ्या. मी तुमाला जा म्हनत न्हाई. पन सराई हाय, एक पोरगी घ्यावी लागंल मला."

मोनिका नावाची पोरगी आली. चुणचुणीत, नम्र, तिला बोलायलाही जागा नाही. सुकन्याला पत्रिकांच्या घड्या घालायचं काम मिळालं. ज्या हातांना सरळ रेघ जमत नाही त्यांना घडी कशी जमावी? एक दिवस तिनं आपला संगणक रिक्षात घातला आणि घरी घेऊन आली. पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवला, वर जुनी साडी टाकली.

रंगुबाईनं गोरक्षला फोन केला. "पोरीनं काम सोडलं रं. बोलत न्हाई, जेवत न्हाई. गोळ्या खाती आन् भिताडं धरून चालती. एकदा यिऊन जा."

संक्रांतीच्या सुमारास तो आला. तिळगूळ घेतला, इकडचं तिकडचं बोलला, मग संगणकावरची साडी बाजूला केली. "बघू दे तरी काय होतंय." खुर्चीत बसला आणि स्वतःच्या बोटांनी झराझरा दोन ओळी लिहिल्या. स्वच्छ उमटल्या. तो वळून म्हणाला, "हे बघ ताई. काही नाही झालेलं."

सुकन्या दारात उभी होती. "व्हय," ती म्हणाली. "तुझ्या हाताला बरोबर हाय."

यात त्याला काही ऐकू आलं का? नाही. संगणक ठणठणीत आहे हे बहिणीसमोर शाबीत करून, आता बिघाड कुठं आहे ते तिचं तिलाच कळावं, असं करून हा उठला. आणि वर सल्ला काय दिला, तर "नगरला मोठ्या डॉक्टरांना दाखवू या." चांगल्या मनानंच दिला. त्याचाच तर राग येतो! वाईट मनानं दिला असता तर तिला निदान भांडता आलं असतं. ती फक्त बरं म्हणाली आणि साडी परत संगणकावर टाकली.

मग एका रविवारी दुपारी तो चुकांच्या तक्रारी बघत बसला होता. पोर्तुगालमधल्या एका बाईनं लिहिलं होतं की नव्या डेस्कटॉपमध्ये वडिलांच्या संगणकावर अक्षरं दोनदा उमटतात. दोनदा उमटतात, हे वाचूनसुद्धा त्याच्या डोक्यात काही पेटलं नाही, हे लिहिताना माझाच हात आखडतोय. त्यानं नेहमीप्रमाणं स्वतःच्या संगणकावर करून बघितलं. ठीक होतं. उत्तर लिहिलं: माझ्याकडे तर चालतंय, कीबोर्ड तपासा, आणखी माहिती नसेल तर तक्रार बंद करतो.

तिचं उत्तर जेवण उरकेपर्यंत आलं. राग नव्हता त्यात. तिनं विचारलं होतं, तुमचे हात थरथरतात का? माझ्या वडिलांना कंपवात आहे. ते म्हणतात संगणक चांगला आहे, माझेच हात आता कामातून गेले. त्यांनी मित्रांना लिहिणं सोडून दिलंय. मी त्यांचे हात रोज बघते, ते आहेत तसेच आहेत.

गोरक्षनं ते उत्तर परत एकदा वाचलं. तो उठला, परत बसला. काढून टाकलेला कोड त्यानं शोधून उघडला. ती जुन्या नावाची सेटिंग. ते नाव त्यानं अक्षर अक्षर वाचलं, आणि नगरच्या होस्टेलवरून सुट्टीला आलेला, काही न कळता हेच नाव असलेली एक ओळ चिकटवणारा तो पोरगा त्याला लख्ख आठवला. शेजारी खुर्ची ओढून बसलेली ताई आठवली. आईचं नाव लिहून हसली होती ती.

सगळ्या जगाला त्यानं विचारलं होतं, हे कुणी वापरतं का? आणि वापरणारी त्याला दर वर्षी ओवाळत होती.

त्याच बैठकीला त्यानं काढलेला कोड परत घातला. जुनी सेटिंग आता आपोआप नव्या खटक्यावर येईल असं केलं. खाली स्वच्छ लिहिलं की चूक माझी आहे, मी विचारलं तिथं ही माणसं नव्हती. त्या बाईला खटका कुठं आहे ते कळवलं आणि तिच्या वडिलांची माफी मागितली. ते सगळं सोपं होतं. परक्यांची माफी मागायला काय लागतं?

दुसऱ्या दिवशी कारखान्यात रजा सांगून त्यानं मोटारसायकल काढली. वाटेतल्या भाळवणीपर्यंत तो मनात वाक्यं जुळवत होता. तिथं चहाला थांबला, चहा न पिताच उठला. एकदा असंही मनात आलं की गुपचूप खटका दाबावा, झालं दुरुस्त म्हणावं, ताई खूश होईल, आई देवापुढं साखर ठेवील. कुणाला कधी कळणारही नाही. हा विचार पारनेरची घरं दिसेपर्यंत त्याच्याबरोबर होता, हे मी लपवून ठेवत नाही.

रंगुबाई ओसरीत ज्वारी निवडत होती. सुकन्या आत पडून होती. त्याला बघून भिंतीचा आधार घेत उठली. त्या एका उठण्यानं त्याचं सगळं जुळवलेलं बोलणं विस्कटलं.

"ताई, तुझे हात बिघडले नव्हते," तो म्हणाला. "हात होते तसेच आहेत. मी बिघडवलं."

"काय बोलतोस?"

त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं; जुनी ओळ, ती कशी विसरला, कोड कसा काढला, भाऊबीजेला काय चढवलं, फोनवर काय बोलला. सांगताना त्याची नजर जमिनीवर होती. रंगुबाईच्या हातातलं सूप केव्हा थांबलं, त्याला कळलं नाही.

"कुनाला इचारलं न्हवतंस का काढायच्या आधी?" सुकन्यानं विचारलं.

"विचारलं होतं. सगळ्यांना विचारलं होतं."

"मला?"

तो संगणकावरची साडी काढायला वळला.

"मी फोन केला हुता, गोरख्या. दोनदा."

रंगुबाई उठून आत आली. "आरं, पोरगी मनगाटाला करकचून बांधून बसायची! वळ उठायचं! मी म्हनायची काय झालं, तर म्हनायची काय न्हाई. आन् तू सनाच्या दिवशी तिच्या घासात माती कालवून गेलास? तुझ्या त्या जगाला घाल चुलीत!" पदर तोंडाला लावून ती ओसरीत जाऊन बसली.

गोरक्षनं संगणक चालू केला. सेटिंगची खिडकी उघडली, खटका शोधला आणि दाबला. एकच खटका. एवढंच करायचं होतं, कधीही, फोनवरूनसुद्धा सांगता आलं असतं. "ये ताई, लिहून बघ."

ती लगेच आली नाही. आपले दोन्ही हात समोर धरून बघत राहिली. ते थरथरत होते, लहानपणापासून थरथरत होते तसेच.

"तुला म्हाईत हाय, मी यांना काय काय बोलले?" ती म्हणाली. "रोज. आंघोळ करताना, भाकरी करताना. यांच्यापायी मला कुनी केली न्हाई, यांच्यापायी काम गेलं. एकदा वाटलं, उकळत्या पान्यात घालावं. यांचं काही चुकलंच न्हवतं."

"पुंजारामकाकांना मी जाऊन सांगतो. तुझी चूक नव्हती हे सांगतो. ते परत घेतील तुला."

"आन् मोनिकाला काढतील? त्या पोरीनं काय केलंय?"

त्यानं खुर्ची तिच्याकडं सरकवली. तो म्हणाला, "ताई, मला मार. दोन मुस्काटात दे. पण लिहून बघ."

"मारून काय हुनार," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. तिनं एक बटण दाबलं. अक्षर एकदाच उमटलं. तिनं दुसरं दाबलं. तेही एकदाच उमटलं. गोरक्ष वाकून बघत होता, त्याच्या चेहऱ्यावर हसू फुटायला आलं होतं.

"तू भाईर जा," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "तू हितं असलास की मला लिहवत न्हाई."

तो बाहेर येऊन पायरीवर बसला. आईनं त्याच्याकडं पाहिलं नाही, ज्वारी निवडत राहिली. आतून एका बटणाचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग दुसऱ्याचा. तो वाट बघत राहिला की आता वेग येईल, आता छापखान्यात यायचा तसा पावसाची सर आल्यासारखा आवाज येईल. ऊन पायरीवरून खाली उतरलं तरी आवाज तसाच येत होता, एक, मग थांबणं, मग एक. सगळं दुरुस्त झालं होतं आणि ती प्रत्येक अक्षर उमटल्यावर थांबून, ते एकच आहे ना, हे बघत होती. पूर्वी लिहिताना ती पडद्याकडं बघायचीसुद्धा नाही.